आज गॅस पेटवायचा नाही

आई सकाळी साडेसहालाच परात शोधत होती. इटलीतल्या पार्मा शहरात आमच्या घरी परात नाही हे दीड महिन्यात तिला पुरतं ठाऊक झालं होतं, तरी तिनं ओट्याखालची दोन्ही कपाटं उघडून पाहिली. संध्याकाळी सोळा माणसं जेवायला. म्हणजे पुऱ्या निदान ऐंशी. बटाट्याची भाजी, कोशिंबीर, काहीतरी तळलेलं, शेवटी गोड. सगळा हिशेब तिच्या मनात आदल्या रात्रीच झाला होता, तिचा स्वतःचा त्या दिवशी उपास असूनही.

मी कॉफीचं भांडं उतरवलं, गॅस बंद केला आणि म्हटलं, "आई, आता हा दिवसभर पेटवायचा नाही."

"मग जेवण?"

"काहीच शिजवायचं नाहीये. कापायचं, मांडायचं आणि बसायचं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लोकांना घरी बोलावून थंड वाढतलंस?"

आई चाळीस वर्षं लालबागला राहिली, पण मनाला लागलं की तिची भाषा वेंगुर्ल्याला परत जाते.

ते 'थंड' मलाही लागलं, कारण मी तिच्याच हाताखाली वाढले. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत पाहुणचार म्हणजे आतून येणारा तेलाचा चर्र आवाज. बाहेर सतरंज्या घालून माणसं बसलेली आणि आतून बाबांच्या हाती एकेक ताट येतंय. 'गरम आहे तोवर घ्या' हे आईचं पालुपद. माझ्या वाढदिवसांचे जेवढे फोटो आहेत त्यांतल्या एकातही ती नाही. एका फोटोत दाराच्या चौकटीपलीकडे तिच्या साडीचा काठ तेवढा दिसतो. केक कापताना हाक मारली की 'आले, एवढा घाणा काढते' असं उत्तर यायचं, आणि घाणा निघेपर्यंत केक संपलेला असायचा. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, ओट्याला टेकून, उभ्याउभ्या. तिनं कधी तक्रार केली नाही. पण ते सगळं मी पाहिलं आहे आणि माझ्या घरी मला तसं नको होतं. ती आलेली असताना तर नकोच होतं.

तो दिवस १५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. आपल्याकडे झेंडावंदन, इथे फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसनं इसवी सनापूर्वी १८ मध्ये लावून दिलेल्या सुट्ट्यांवरून हे नाव आलं, आणि मेरीच्या स्वर्गारोहणाचा सणही याच दिवशी येतो. दुकानांची दारं ओढून निम्मा देश समुद्राकडे किंवा डोंगराकडे निघून गेलेला असतो. गावात मागे राहिलेली माणसं एकमेकांना जेवायला बोलावतात. पो नदीच्या या सखल मैदानात ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो, फक्त समुद्राचा वारा नाही. अशा दिवसांत इथे शेगडीपुढे उभं राहायची कोणाची इच्छा नसते. आंतिपास्तो, म्हणजे जेवणाआधी यायचं ताट, तेच मोठं करून जेवण होतं. मिठात मुरवलेलं मांस, चीज, खरबूज, अंजीर, पाव. सोळा माणसांसाठी सुद्धा दोन तासांत सगळं मांडून होतं.

आईला हे पटवायला मला फार बोलावं लागलं नाही, कारण मध्येच तिला तिथी आठवली. "आज सातम मा गो?" ती म्हणाली. चाळीत आमच्या शेजारी गुजराती कुटुंब होतं. त्या घरच्या बा श्रावण वद्य षष्ठीला, रांधण छठला, सगळं रांधून ठेवायच्या. सप्तमीला चूल थंड करून तिची पूजा करायच्या आणि घरादाराला आदल्या दिवशीचं थंड जेवण वाढायच्या. लहानपणी त्यांच्याकडची थंड थेपली खायला मी टपून असायची. योग असा की त्या शुक्रवारी हीच तिथी होती, आणि रात्री अष्टमी लागत असल्यामुळे आईचा कृष्णजयंतीचा उपासही त्याच दिवशी आला होता. "बांची चूल आज निजायची," असं म्हणत आईनं कपाटाचं दार लावलं. परातीचा विषय तिथे संपला.

पण खरं सांगायचं तर 'न शिजवलेलं' हा शब्द मला या जेवणासाठी कधीच खरा वाटला नाही. त्याचं कारण लांगिरानो.

पार्मा नदीच्या खोऱ्यात, शहराच्या दक्षिणेला डोंगर सुरू होतात तिथे हे गाव आहे. जुलैच्या मध्यावर, श्रावण लागायच्या आधी, आईला तिथे नेलं होतं. गावात शिरताना चार-चार मजल्यांच्या लांबलचक इमारती दिसतात. भिंतीभर उंच, अरुंद खिडक्या, एकीशेजारी एक. आईला ती गिरणी वाटली. आत माणसं राहत नाहीत, डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात, आणि खिडक्या उघडायच्या-मिटायच्या त्या वाऱ्याच्या अंदाजानं. समुद्राकडून निघालेला वारा आपेनिनो डोंगर ओलांडताना कोरडा होतो आणि पाइन, चेस्टनटच्या रानांचा वास घेऊन या खोऱ्यात उतरतो, असं इथले लोक सांगतात.

प्रोश्शुत्तोत, म्हणजे या खारवून वाळवलेल्या हॅममध्ये, दोनच वस्तू पडतात. मांस आणि समुद्राचं मीठ. नायट्रेटला परवानगी नाही. मीठ लावणारा कारागीर कातडीच्या बाजूला ओलसर मीठ चोळतो, उघड्या मांसावर कोरडं भुरभुरतो. किती मीठ लावायचं, हे सगळं त्याच्या हातात असतं. या हॅमला इथे 'गोड' म्हणतात, कारण मीठ लागेल तितकंच असतं, त्याहून जास्त नाही. मग थंड खोल्यांत काही आठवडे, त्यानंतर दोन-अडीच महिने नुसती विश्रांती, मग धुणं, वाळवणं. उघडा भाग कडक होऊन तडकू नये म्हणून त्यावर डुकराच्या चरबीचा लेप हातानं चोपडतात. त्याला सुन्या म्हणतात. हे काम पूर्वापार बायकांचं. पुढे खालच्या अंधाऱ्या तळघरात मुरणं. मीठ लागल्यापासून किमान १४ महिने झाल्याशिवाय त्याला पार्माचं नाव मिळत नाही. आमच्या टेबलावर आलेलं २४ महिन्यांचं होतं. म्हणजे त्या मांसाला मीठ लागलं तेव्हा आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालायला शिकत होती.

शेवटची परीक्षा नाकाची. घोड्याच्या हाडाची बारीक सुई मांसात ठरलेल्या पाच जागी खुपसायची आणि लगेच हुंगायची. ते हाड सच्छिद्र असतं. वास पटकन धरतं आणि पटकन सोडतं, त्यामुळे पुढच्या टोचणीला सुई पुन्हा कोरी. पाचही वास बरोबर आले तरच कातडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग बसतो.

तो सुईवाला माणूस हुंगत असताना आई त्याच्याकडे एकटक पाहत होती. मग एकदम माझा दंड धरून म्हणाली, "ह्यो तर आमचो खारो बांगडोच मा!"

परतीच्या वाटेवर ती वेंगुर्ल्याच्या आगोटीबद्दल बोलत राहिली. मे महिना संपत आला की घरोघरी पावसाळ्याची बेगमी. बांगडे पाठीतून चिरायचे, मीठ भरायचं, मडक्यात थरावर थर. अंगणात सोडे वाळत घातलेले, आणि कावळे राखायला पोरांना बसवलेलं. तिची आई मडक्यात हात घालून बाहेर काढायची आणि हात हुंगायची. त्या एका हुंगण्यावर ठरायचं की हे मडकं आषाढात उघडायचं की श्रावण गेल्यावर. आजीचा हात हीच तिची सुई होती. मी नऊ वर्षं या गावाजवळ राहते आहे, चार वेळा पाहुण्यांना घेऊन इथे आले आहे, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चीजच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक मोठी खोली, जमिनीत घंटेसारखी बसवलेली तांब्याची मोठमोठी पातेली. पार्मिज्यानो, म्हणजे इथलं कडक चीज, करायला संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं सायीसकट ताजं दूध घालतात, कालच्या चीजमधून उरलेलं पाणी विरजण म्हणून. दूध धरलं की मोठ्या रवीसारख्या तारांच्या झाऱ्यानं त्याचे तांदळाच्या कणीएवढे कण करायचे, आणि मग ते ५५ अंशांपर्यंत तापवायचं. तेव्हा हेही शिजवलेलंच आहे, फक्त आपल्या ओट्यावर नाही. एका पातेल्यातून चीजची दोन चाकं निघतात, त्यांना जुळी म्हणतात. प्रत्येक चाक सुमारे ४० किलोचं, आणि त्याला पाचशे लिटरहून जास्त दूध लागतं. मिठाच्या पाण्यात जवळपास तीन आठवडे, मग फळीवर निदान १२ महिने. वर्ष झालं की तपासणीस येतो आणि लहान हातोडीनं चाकावर टकटक करून आतला आवाज ऐकतो. लग्नाच्या खरेदीत आई माठ असेच वाजवून घ्यायची.

तिथे गोठ्याकडून एक सरदारजी आले. या भागात गायींची धार काढणारे बरेचसे हात पंजाबी आहेत. शेजारच्या रेज्यो एमिल्या जिल्ह्यात, नोव्हेलाराला, २००० साली उघडलेला मोठा गुरुद्वाराही आहे. आईनं आपल्या मुंबईच्या हिंदीत त्यांना विचारलं, सुट्टी कधी असते? ते म्हणाले, गायींना सुट्टी कळत नाही, ख्रिसमस असो की पंधरा ऑगस्ट, दूध येतंच. आई मग बराच वेळ गप्प होती.

आणि तिथेच तिनं तो प्रश्न विचारला, जो मी नऊ वर्षं कोणाला विचारू दिला नव्हता. "दूध फाटतं कशानं?"

वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं. पार्मिज्यानोच्या नियमांत दुसरं काही बसत नाही. ग्राना पादानो या त्याच्यासारख्याच चीजचंही तेच. भारतात हिरव्या ठिपक्याचं चीज घ्यायची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं, चीज म्हणजे दूध, दूध म्हणजे शाकाहार. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत पक्क्या शाकाहारी पाहुण्यांच्या पानात हे चीज किसून पडतं, आणि ते कोणीच मुद्दाम करत नाही. पण यजमानाला माहीत असेल तर त्यानं सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 'त्यांना काय कळणार आहे' या वाक्याइतका पाहुण्याचा दुसरा अपमान नाही. मी आईला सांगितलं. ती रागावली नाही. "श्रावणात मला देऊ नकोस," एवढंच म्हणाली.

म्हणून त्या शुक्रवारी माझं खरं काम पाहुणे ओळखण्याचं होतं. सोळांत आमच्या शेजारचं ट्युनिशियाचं कुटुंब होतं, ते डुक्कर खात नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातली एक मुलगी सहा महिन्यांची गरोदर. दोन मराठी घरं, त्यांतलं एक पूर्ण शाकाहारी, दुसऱ्यात फक्त श्रावण पाळणारे. खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या सिन्योरा, त्यांना चावायला त्रास. आणि तीन मुलं. शिजवायचं नसलं की सगळा विचार इथे लावता येतो, आणि तो लावलाच पाहिजे, कारण थंड ताटावर सगळं एकमेकांसारखंच दिसतं. ब्रेझाओलाची लालभडक चकती गायीच्या मांसाची असते, शेजारची सालामी डुकराची, आणि काटा एकच असला तर दोन्हींचं तेल सगळीकडे लागतं. मी तीन वेगळ्या फळ्या काढल्या, तीन सुऱ्या, तीन चिमटे, आणि गच्चीच्या तीन कोपऱ्यांत तीन टेबलं मांडली. शाकाहारी टेबल सावलीला आणि सगळ्यांत मोठं.

गरोदर मुलीचा प्रश्न मला इथल्या डॉक्टरीणबाईंमुळे माहीत झाला होता. टॉक्सोप्लाझ्मोसिस या कच्च्या मांसातून होणाऱ्या संसर्गाची प्रतिकारशक्ती नसलेल्या बाईनं नऊ महिने कच्चं हॅम आणि सालामी टाळायची असते, इटलीत त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. पण मोर्तादेल्ला ही बोलोन्याची मोठी गुलाबी सॉसेज भट्टीत शिजवलेली असते, ती चालते. जुनं, कडक पार्मिज्यानोही चालतं. तिच्यासाठी मोर्तादेल्लाचे चौकोनी तुकडे केले, वेगळ्या सुरीनं, प्रत्येकावर एक पिस्ता टोचला. सगळ्यात आधी तेच संपले, तेव्हा तिच्यासाठी वाटी बाजूला काढून ठेवली होती हे बरंच झालं.

मांस आदल्या दिवशी सकाळी आणलं, सुट्टीसाठी दुकान बंद व्हायच्या आत. सालुमेरियात, म्हणजे अशा खारवलेल्या मांसाच्या दुकानात, किलोत कोणी बोलत नाही, एत्तोत बोलतात. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. खाणारे दहा, म्हणून प्रोश्शुत्तो पाच एत्ती, फेलिनो गावची सालामी दोन, ब्रेझाओला दोन, मोर्तादेल्ला चार. सालामी अख्खी घेतली, ती घरीच कापायची. तिची सुरी तिरकी धरतात आणि जाडी मिऱ्याच्या दाण्याएवढी, त्याहून पातळ झाली तर दाताखाली काही लागत नाही. हॅम मात्र उलट, ते दुकानातच मशीनवर कागदासारखं कापून घ्यायचं.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली होती. दुपारी तीनलाच सगळं मांडून, सजवून मोकळी झाले. सातला पाहुणे आले तेव्हा हॅमच्या कडा वाळून वळल्या होत्या, वरची चरबी वितळून फळीवर तेल साचलं होतं आणि ब्रेझाओला काळपट पडलं होतं. कोणी काही बोललं नाही. पण चौदा महिने कोणीतरी जपलेली वस्तू मी चार तासांत घालवली होती, आणि ती रात्र मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढते, मांस अगदी दहा मिनिटं आधी, आणि पाहुणे दारात आल्याशिवाय फळीवर काही ठेवत नाही.

पाच वाजता आईनं पदर खोचला. मी तिला खरबूज निवडायला दिलं. मांतोवाकडची चार आणली होती. तिनं आंबा हुंगतात तशी देठाकडून एकेक हुंगली, तळहातावर तोलली, आणि एक बाजूला ठेवलं, "ह्याला उद्या." दुसऱ्या दिवशी कापलं तेव्हा तिचं बरोबर निघालं. फोडी गार ठेवल्या, प्रोश्शुत्तो त्यांच्यावर नुसता सैल टाकला. करकचून गुंडाळला तर चरबीची चव दबते. आई बघत म्हणाली, "खरबूज थंड, आणि हे खारं, उष्ण. बाधू नये म्हणून लावलं असेल." मला थांबून तिच्याकडे पाहावं लागलं. युरोपातले जुने वैद्य नेमकं हेच सांगत. खरबूज थंड आणि ओलसर, पोटाला घातक, म्हणून त्याच्या जोडीला खारवलेलं, कोरडं, उष्ण मांस. १४७१ साली पोप पॉल दुसरा अचानक गेला तेव्हा लोकांनी दोष दिला तो त्यानं खाल्लेल्या खरबुजांना. आपल्याकडे फणसावर पाणी पिऊ देत नाहीत, आंबा आधी पाण्यात घालून ठेवतात. हे ताट इथलं म्हणून मी इतकी वर्षं शिकत होते, आणि त्याचं शास्त्र आईला कोणी न सांगताच ठाऊक होतं.

ब्रेझाओलाच्या चकतीत बकरीच्या दुधाचं मऊ चीज, लिंबाची किसलेली साल आणि रुकोला या तिखटसर पाल्याची दोन पानं ठेवून सुरळ्या. मुलांसाठी ग्रिस्सीनीला, म्हणजे पावाच्या लांब कुरकुरीत काड्यांना, हॅम गुंडाळलेलं. अंजीर मधोमध फाडून नुसतेच. यांत सांगण्यासारखं फार काही नाही, हात चालू लागला की होतं.

पार्मिज्यानोचा तुकडा आईनं फोडला. तो कापत नाहीत. बदामाच्या आकाराची बुटकी सुरी टोकानं आत घालून जरा पिळायची, की तो आपल्या रेषेनं फुटतो आणि आतले पांढरे खडे दिसतात. मी दाखवायला लागले तर तिनं सुरी माझ्या हातातून घेतली. करवंटीतून खोबरं सोडवतात तसं मनगट वळवलं, आणि फोड अशी सुटली की मला नऊ वर्षांत जमली नाही. तिनं बोटं चाटली नाहीत, नळाखाली धुतली. श्रावण होता.

शाकाहारी टेबल तिनं पूर्ण आपल्याकडे घेतलं. आदल्या रात्री पंच्यात टांगून ठेवलेला चक्का होता. त्यात मीठ, पुदिना, हिरवी मिरची, भरडलेलं जिरं, आणि तो काकडीच्या होड्यांत भरला. खजुरात मस्करपोने, म्हणजे सायीचं मऊ चीज, आणि अक्रोड. मस्करपोने आंबट घालून फाडतात, रेनेट लागत नाही, डब्यावर तेही वाचून आणलं होतं. टोमॅटो, तुळशीच्या इथल्या भावंडाची पानं, भिजवलेले शेंगदाणे. "चक्का म्हणजे आपलं चीजच की," असं म्हणून तिनं सगळ्यांत मोठी थाळी त्यालाच दिली.

सातला माणसं आली. सव्वासातला सगळं टेबलांवर होतं, आणि मग मला करायला काही उरलं नाही. मी खुर्चीत बसले. माझ्या घरच्या जेवणावळीत पहिला घास मी पाहुण्यांबरोबर खाल्ला, आणि गप्पांचं एकही वाक्य मला अर्धवट ऐकावं लागलं नाही.

आईला मात्र बसणं जमत नव्हतं. ती तीनदा उठून आत गेली आणि तीनदा रिकाम्या हातानं परत आली. चौथ्यांदा उठली तेव्हा सिन्योरांनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. आईला इटालियन येत नाही, सिन्योरांना दुसरं काही येत नाही. सिन्योरांनी प्रोश्शुत्तोची चकती उचलली, त्या चकतीकडे बोट दाखवलं, आणि मग आपला उजवा तळवा हवेत असा फिरवला की जणू काही चोपडताहेत. खालून वर, अंगठा दाबून, पुन्हा खालून वर. मी भाषांतर करायला पुढे झाले: त्या लग्नाआधी अकरा वर्षं लांगिरानोत सुन्या लावायच्या. पण आईला ते आधीच कळलं होतं. तिनं डावा हात पालथा केला, तो बांगडा. उजव्या हाताच्या बोटांनी त्याच्या पोटात मीठ भरलं, अंगठ्यानं दाबलं, उलटा करून दुसरीकडून भरलं. सिन्योरांनी मान हलवली आणि बोटांची चिमूट करून विचारलं, मीठ किती? आईनं मूठ दाखवली. सिन्योरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मी तिथून उठून गेले. अंधार पडेपर्यंत त्या दोघींचे हात चालूच होते.

दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. पोहे भिजवले, उरलेला चक्का दह्यात मोडला, काकडी, लिंबाचं लोणचं, डाळिंब नव्हतं म्हणून अंजीर, आणि आई म्हणाली म्हणून ते मागे ठेवलेलं खरबूजही. त्याही दिवशी सकाळच्या कॉफीनंतर गॅस पेटला नाही. एक वाडगा सिन्योरांकडे गेला. वाडगा परत आला तो अंजिरांनी भरून.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गौरी-गणपती झाल्यावर, आई एकटीच सालुमेरियात गेली. बोट वर करून "एत्तो" म्हणाली आणि कागदाची पुडी घेऊन आली. मी विचारलं, खाणार तू? ती म्हणाली, लहानपणी गावात रानडुकराची शिकार झाली की वाटा घरोघरी यायचा, मी काय पहिल्यांदा खाते? मग तिनं बॅगेच्या तळातून वेंगुर्ल्याहून आणलेल्या उकड्या तांदळाची पिशवी काढली, गॅस पेटवला आणि पेज ठेवली.

पेज वाफाळत वाडग्यात आली. पुडी उघडून तिनं एक चकती बशीच्या कडेला ठेवली. कडेची पांढरी चरबी काढली नाही. चिमटीनं तुकडा तोडला, खाऱ्या बांगड्याचा तोडतात तेवढाच, जिभेवर ठेवला आणि वर पेजेचा घोट घेतला. डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली.

"मीठ कमी आसा गो," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा तोडला.